रिपोर्ट चांगला आला त्यानंतर

माझी मुलगी अक्षता पीटीची शिक्षिका आहे, आणि गेलं वर्षभर ती खुर्चीवर बसून ड्रिल घेत आली आहे. शाळा मुलुंड पूर्वेलाच, आमच्या घरापासून चालत बारा मिनिटांवर. तरी ती रिक्षाने जायची. मैदानाच्या कडेला प्लॅस्टिकची खुर्ची टाकून शिट्टी वाजवायची. पाचवीतल्या कुणीतरी विचारलं, "टीचर, तुम्ही का नाही पळत?" तर म्हणाली, "मी रिटायर झाले, आता अंपायर आहे." मुली हसल्या. घरी येऊन तिने हे मला हसतच सांगितलं आणि चप्पलही न काढता सोफ्यावर आडवी झाली ती जेवायला उठली नाही.

ती तेहतीस वर्षांची आहे. हीच मुलगी शाळेत असताना खो-खोच्या मैदानावर असा सूर मारायची की मी डोळे मिटून घ्यायचे. गुडघे कायम फुटलेले. सुट्टीच्या दिवशीसुद्धा पहाटे उठून बुटांच्या नाड्या बांधत बसलेली असायची. तिला उठवायला मला कधीच हाक मारावी लागली नाही. हे आधी सांगते, कारण नंतर जे मी केलं ते ही मुलगी डोळ्यांसमोर ठेवून केलं. समोर असलेली मुलगी मी पाहिलीच नाही.

ती पाच वर्षांची असताना आमच्या इमारतीखाली तिला टेम्पोने उडवलं होतं. मांडीचं हाड मोडलं, रक्त फार गेलं. दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. तेव्हा आम्ही त्या रक्तदात्याचे मनोमन पाय धरले होते. त्या काळी रक्ताच्या सगळ्या तपासण्या आजच्यासारख्या होत नसत, हे आम्हाला सव्वीस-सत्तावीस वर्षांनी कळलं. आमच्या गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाने रक्तदान शिबिर ठेवलं होतं. अक्षता दरवर्षी नाव द्यायची आणि दरवर्षी हिमोग्लोबिन कमी म्हणून परत यायची. दीड वर्षापूर्वीच्या शिबिरात ते भरलं. रक्त देऊन बिस्किटाचा पुडा मिरवत घरी आली. दहा दिवसांनी ब्लड बँकेतून फोन आला.

"अक्षता आहेत का? त्यांच्याशीच बोलायचंय."

"मी तिची आई बोलतेय, मला सांगा ना."

"नाही मॅडम, त्यांनाच द्या."

मी अक्षताला हाक मारली आणि फोन तिच्या हातात दिला.

हेपॅटायटिस सी. कित्येक वर्षं अंगात होता आणि कुणाला पत्ता नव्हता. डॉक्टर मात्र शांत होते. म्हणाले, बहुधा त्या लहानपणीच्या रक्तातून आला असेल, आता नक्की सांगता येणार नाही. लिव्हर फार बिघडलेलं नाही. रोज एक गोळी, चौऱ्याऐंशी दिवस. गोळ्या संपल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं, विषाणू दिसला नाही तर बरी झाली. जेवणातून, भांड्यांतून, जवळ बसण्याने हा पसरत नाही, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं. दोनदा, कारण पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी मनातल्या मनात तिचं ताट वेगळं काढत होते.

घरी आल्यावर माझे यजमान, नंदकिशोर, म्हणाले, "लोकांना कावीळ सांगायची. दुसरं काही नाही."

"खोटं का सांगायचं, बाबा?" अक्षताने विचारलं.

"खोटं कुठे? लिव्हरचंच आहे ना? तू 'सी' म्हणशील आणि लोक भलतंच काहीतरी समजतील. उद्या तुझं लग्न ठरवायचंय आम्हाला."

"तुम्ही दहा वर्षं ठरवताय. त्यात बिचाऱ्या विषाणूचा काय दोष?"

आम्ही कावीळच सांगितली. मग काय, शेजारून उसाचा रस यायला लागला, कुणी मुळ्याचा पाला आणून दिला, कुणी पनवेलच्या वैद्याचा नंबर दिला. मीही तीन महिने तिला बिनतेलाचं उकडलेलं खायला घातलं. डॉक्टरांनी त्यातलं काहीच सांगितलं नव्हतं. पण कावीळ सांगितल्यावर काविळीचं पथ्य पाळायला नको का?

आम्ही मूळचे देवगड तालुक्यातले. आमच्या गावच्या मुंबईकर मंडळींचं मंडळ आहे आणि सव्वीस जानेवारीला मंडळाची वार्षिक सत्यनारायणाची पूजा असते, नवघर रोडवरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये. दहिसरपासून माहुलपर्यंत जिथे जिथे गाववाले आहेत ते सगळे येतात. पूजा झाली की श्यामकांत तात्या ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घालतात. ज्याला जे मागायचं ते तात्यांच्या कानात सांगायचं, तात्या ते मोठ्याने देवीपुढे मांडतात, आणि सगळा हॉल "होय म्हाराजा" म्हणतो. आपलं दुःख दीडशे माणसं एका आवाजात उचलून धरतात. मी बीए झाले, तीस वर्षं विमा कंपनीत नोकरी केली, पण त्या आवाजाने माझ्या अंगावर दर वर्षी काटा येतो.

त्या जानेवारीत अक्षताच्या गोळ्या नुकत्याच संपल्या होत्या, तपासणी एप्रिलमध्ये होती. ते तीन महिने कसे काढायचे मला समजत नव्हतं. मी तात्यांच्या कानात बोलले. तात्यांनी देवीला सांगितलं की ह्या माऊलीच्या मुलीला कावीळ झाली आहे, ती समूळ बरी होऊ दे. पुढच्या पूजेला सव्वापाच किलो रव्याचा प्रसाद मुलगी स्वतःच्या हाताने घोटून घालील. दुसऱ्या कुणाचा हात लागणार नाही. अशा नवसाला आमच्याकडे बोल म्हणतात.

"होय म्हाराजा!"

अक्षता मागे चपलांजवळ उभी होती. वळून तिच्याकडे पाहावं असं मला वाटलंही नाही.

एप्रिलमध्ये रिपोर्ट आला. विषाणू आढळला नाही. मी देवाजवळ साखर ठेवली, नंदकिशोर खाली जाऊन पेढे घेऊन आले. अक्षताने पेढा अर्धा खाल्ला आणि म्हणाली, "मी जरा पडते."

ते पडणं संपलं नाही. सुरुवातीला मला वाटलं, औषधांचा शीण असेल. मग म्हटलं, उन्हाळा आहे. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा म्हटलं, सवय मोडली आहे. ती शाळेतून यायची ती पिळून काढलेल्या कपड्यासारखी. रविवारी अकरा वाजले तरी उठायची नाही. झोपलेली असायची असंही नाही, डोळे उघडे असायचे. मोबाईलसुद्धा बघायची नाही, भिंतीकडे बघायची. मैत्रिणींचे फोन उचलेनाशी झाली. एकदा कणीक मळायला घेतली आणि मध्येच हात परातीत तसेच ठेवून उभी राहिली. मी म्हटलं, "काय झालं गं?" तर म्हणाली, "काही नाही. पुढे काय करायचं ते आठवेना."

मी तिला समजावत राहिले. सगळं समजावणं एकाच वाक्याने सुरू व्हायचं, "अगं, रिपोर्ट चांगला आलाय ना आता." चालायला जा, रिपोर्ट चांगला आलाय. चार लोकांत मिसळ, रिपोर्ट चांगला आलाय. सकाळी ती उठली नाही की मी तिच्या खोलीतला पंखा बंद करायचे. घाम आला की उठतं माणूस. ही माझ्या आईची युक्ती.

दिवाळीच्या आधी एकदा मी असाच पंखा बंद करून वळले, तर ती बोलली. रागावून नाही. तिच्यात रागवायचीही ताकद नव्हती.

"आई, गोळ्या चालू होत्या तेव्हा मी अशीच पडून असायचे. तेव्हा तू पांघरूण घालायचीस."

"तेव्हा तू आजारी होतीस गं."

"हो ना. आता मी नुसती आळशी आहे."

"मी असं म्हटलं का?"

"तू कशाला म्हणायला हवं? मलाच वाटतं. तेव्हा कारण तरी होतं. रिपोर्ट आला आणि माझं कारणच गेलं."

मी पंखा लावला आणि स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले.

नोव्हेंबरमध्ये तिला पुन्हा लिव्हरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी थायरॉइड, हिमोग्लोबिन, साखर सगळं तपासलं. सगळं ठीक. मग त्यांनी मला थोडं थांबवून तिलाच विचारलं. झोप कशी आहे, कशात मन लागतं का, रडू येतं का, जगून काय करायचं असं मनात येतं का. शेवटच्या प्रश्नाला ती लगेच "नाही" म्हणाली नाही. खिडकीकडे बघत म्हणाली, "करायचं काही नाही. पण सकाळी जाग आली नाही तर बरं, असं वाटतं."

मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

डॉक्टर म्हणाले, "हे आम्ही बघतो. विषाणू गेला तरी काही पेशंटमध्ये थकवा रेंगाळतो. आणि मनाचं दुखणं त्याच्याबरोबर असेल तर ते वेगळं तपासायला हवं, त्यालाही उपचार आहेत. उशीर करू नका." त्यांनी एका मनोविकारतज्ज्ञ बाईंचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं.

आणि मी उशीर केला.

खरं कारण लिहिते. मी जानकी काकूंना फोन केला होता. जानकी काकू आमच्या मंडळाच्या महिला विभागाच्या प्रमुख, सत्तरीच्या, सगळ्यांच्या अडीनडीला धावणाऱ्या. मी त्यांना एवढंच म्हटलं की अक्षताचा थकवा जात नाही. त्या म्हणाल्या, "अगो, जायत कसो? तुझो बोल शिल्लक आसा मां? बोल फेडल्याशिवाय अंग हलक्या होना नाय."

मला ते पटलं असं नाही. पण पटलं नाही असंही नाही. पूजा दोन महिन्यांवर होती. शिवाय 'मनोविकार' हा शब्द वाचून मी चिठ्ठी लगेच दुमडली होती. एक आजार कावीळ म्हणून लपवला होता, आता हे कुठे लपवू? मी ती चिठ्ठी देवघराच्या खणात ठेवली आणि अक्षताला म्हटलं, "पूजा होऊ दे. मग बघू."

"चालेल," ती म्हणाली. तिला कशालाही नाही म्हणायचा कंटाळा आला होता. तो होकार आहे असं मी धरून चालले.

सव्वीस जानेवारीला आम्ही सकाळी सातला हॉलवर पोहोचलो. हॉलच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये केटरर प्रितमने मोठी शेगडी आणि कढई लावून ठेवली होती. दर वर्षी प्रसाद तोच करतो. तूप वितळलं, रवा पडला, आणि अक्षताने तो हातभर लांब दांड्याचा झारा हातात घेतला. बायका भोवती बसून केळी सोलत होत्या. सव्वापाच किलो रवा तुपात भाजणं म्हणजे काय ते केल्याशिवाय कळत नाही. एका जागी हात थांबला की खाली लागतो.

पहिली दहा मिनिटं बरी गेली. मग ती झारा दोन्ही हातांनी धरायला लागली. मग खांद्याने ढकलायला लागली. घाम हनुवटीवरून गळत होता.

प्रितम म्हणाला, "ताई, द्या इकडे. तुम्ही नुसता हात लावून उभ्या राहा, मी फिरवतो."

"नको रे बाबा," जानकी काकू म्हणाल्या. "बोल आसा तो. दुसऱ्याचो हात लागता नये."

"अहो पण काकू, ताई पडतील ना कढईत. मग प्रसादाची वाट लागेल."

बायका हसल्या. अक्षताही हसली. कुणीतरी म्हणालं, "पीटीची टीचर ना तू? आमच्या पोरांना पळवतेस आणि स्वतः दमतेस होय?" ती पुन्हा हसली. मी तिच्याकडे बघत होते. ते हसू तिच्या चेहऱ्यावर नुसतं राहून गेलं होतं, बघता बघता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं तरी ते तसंच. आवाज नाही, हुंदका नाही. हात थांबला.

"आई, मला नाही जमत," ती म्हणाली. "खरंच नाही जमत गं."

आणि मी, तिची आई, काय म्हणाले? म्हणाले, "आता दूधच तर घालायचं राहिलंय."

तिने माझ्याकडे पाहिलं. पाच वर्षांची असताना ऑपरेशनला आत नेताना तिने असंच पाहिलं होतं. तेव्हा मला दारातच थांबवलं होतं. आता मला कुणी थांबवलं नव्हतं.

रवा लागल्याचा वास आला. मी तिच्या हातातून झारा काढून प्रितमला दिला. जानकी काकू "अगो, अगो" करत उठल्या. मी अक्षताला भिंतीशी सतरंजीवर बसवलं, पाणी दिलं. बायका केळी सोलायची थांबल्या होत्या. प्रितमने करपलेला भाग बाजूला काढला आणि पंधरा मिनिटांत शिरा उतरवला. बोल मोडला होता.

गाऱ्हाण्याची वेळ झाली. मागे शेडमध्ये काय झालं ते तात्यांना माहीत नव्हतं. त्यांनी नारळ हातात धरला आणि सुरुवात केली. "बा देवी म्हाराजा, गेल्या वर्साक ह्या माऊलीन बोल बोललेलो. तिच्या चेडवाची कावीळ तुझ्या कृपेन बरी झाली. तो बोल आज तेणी पुरो केल्यानी, तो मान्य करून घे..."

"तात्या, थांबा," मी म्हणाले.

गाऱ्हाणं मध्ये कुणी तोडत नाही. नंदकिशोरनी माझा दंड धरला, तो मी सोडवला.

"बोल पुरा झाला नाही. प्रसाद तिच्या हातून अर्धाच झाला, तिला झेपलं नाही. आणि तात्या, कावीळ नव्हती. हेपॅटायटिस सी होता. लहानपणी रक्त चढवलं त्यातून आला असावा. तो गेला, रिपोर्ट आहे. पण ती बरी नाही. तिचं अंग उचलत नाही, मनही उचलत नाही. मी देवीला खोटं सांगितलं आणि मुलीला कामाला लावलं."

तात्यांनी नारळ खाली ठेवला नाही. त्यांचं वय शहाहत्तर आहे, गिरणीत पस्तीस वर्षं काढली आहेत. मग त्यांनी पुन्हा मान खाली घातली.

"बा देवी म्हाराजा, बोल आवशीन बोललेलो, चेडवान न्हय. तेचो भार चेडवार ठेव नको. जा काय चुकला माकला ता आवशीच्या पदरात घाल, आणि चेडवाक उभा कर."

"होय म्हाराजा," हॉल म्हणाला. दर वर्षीसारखा मोठा आवाज नव्हता. काही जण म्हणाले, काही जण एकमेकांकडे बघत राहिले.

प्रसाद वाटला गेला. निघताना मी खुर्च्यांखाली पाहिलं. चार-पाच द्रोण तसेच भरलेले ठेवलेले होते. अक्षतानेही ते पाहिले. जानकी काकूंनी मात्र माझ्यासमोर द्रोण रिकामा केला, बोटं चाटली आणि म्हणाल्या, "जरा लागलोहा. पण बरो आसा."

मला वाटलं होतं की रिक्षात अक्षता माझा हात धरेल. मिठागर रोड येईपर्यंत ती बाहेर बघत होती. घरी आल्यावर म्हणाली, "तू सगळ्यांना सांगितलंस."

"हो. आता लपवायचं नाही काही."

"मला विचारलंस?"

मी चपला काढून कडेला ठेवायला लागले.

"बोल बोललीस तेव्हा मला विचारलं नाहीस, मोडलास तेव्हाही नाही. उद्या त्यातल्या कुणाची मुलगी माझ्या वर्गात असेल, तिची आई मला काय विचारेल ते तुला नाही, मला ऐकायचंय. तुझं मन हलकं झालं, आई. माझं नाही झालं."

नंदकिशोर मध्ये पडायला आले. "अगं, ती तुझ्यासाठीच..."

"माहीत आहे, बाबा," ती म्हणाली. "सगळं माझ्यासाठीच असतं."

ती उठली, देवघराचा खण उघडून तिने ती चिठ्ठी काढली. चिठ्ठी कुठे आहे हे तिला पहिल्यापासून माहीत होतं. तिथेच उभी राहून तिने फोन लावला आणि मंगळवारची वेळ घेतली.

"मी येते तुझ्याबरोबर," मी म्हणाले.

"नको. मी एकटी जाईन."

"रिक्षात चक्कर आली तर?"

"आली तर येईल."

मंगळवारी ती साडेचारला निघाली. मी गॅलरीत उभी राहून रिक्षा वळेपर्यंत बघितलं. मग भाजी निवडली. सहा वाजता फोन हातात घेतला आणि ठेवला. साडेसहाला पुन्हा घेतला. नंदकिशोर म्हणाले, "करू नकोस." नाही केला. माझ्या आयुष्यात मी इतकं मोठं काम कधी केलं नव्हतं.

सव्वासातला ती आली. चेहरा सुजल्यासारखा होता, रडली असावी. पर्समधून गोळ्यांचं पाकीट काढून तिने फ्रिजवर ठेवलं.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"दोन-तीन आठवडे लागतील म्हणाल्या, फरक कळायला. नाही कळला तर औषध बदलू. दर मंगळवारी बोलायला जायचंय." मग जरा थांबून म्हणाली, "त्यांनी विचारलं, कधीपासून असं वाटतंय. मी म्हटलं, गोळ्या सुरू व्हायच्याही आधीपासून. दोन वर्षं तरी झाली."

दोन वर्षं. म्हणजे ती बिस्किटाचा पुडा मिरवत घरी आली होती तेव्हाही. मी तर रिपोर्टनंतरचे महिने मोजत बसले होते.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगायलाही ताकद लागते," ती म्हणाली. अर्धी भाकरी खाल्ली, ताट उचलून ठेवलं आणि खोलीत गेली.

त्याला आता सोळा दिवस झाले. फरक पडला का, मला सांगता येत नाही. शाळेतून तिने महिनाभराची रजा घेतली आहे. दोन दिवसांपूर्वी तिने केस धुतले. काल पुन्हा दिवसभर पडून होती. माझ्याशी ती कामापुरतं बोलते. मी तिला रोज दहा गोष्टी विचारायच्या ठरवते आणि त्यातली एकच विचारते, जेवणार का. कधी ती हो म्हणते, कधी नाही. नाही म्हणाली की मी तिचं ताट झाकून ठेवते आणि दार लोटून बाहेर येते.